ही नोंद नक्की कोणाची? सी++ मधून रस्टमध्ये येताना एका प्रोग्रॅमचा प्रकरण अभ्यास

माझी एक सहकारी बरीच वर्षं सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करते. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता), हीप (प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेली मेमरी), डिस्ट्रक्टर (वस्तू संपताना आवराआवर करणारा कोड) हे तिच्या रोजच्या वापरातले शब्द. तिने रस्ट ही दुसरी भाषा शिकायला घेतली तेव्हा सरावासाठी खेळण्यातला प्रोग्रॅम घेतला नाही. स्वतःचाच एक चालता प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतला. मी रस्टमध्ये तिच्या आधी आलो होतो, म्हणून अडलं की ती माझ्याकडे यायची. हे प्रकरण त्या दोन आठवड्यांचं आहे.

प्रोग्रॅम साधा होता. लॉग फाइल वाचायची, प्रत्येक ओळीचे चार भाग करायचे (वेळ, सेवेचं नाव, पातळी आणि मजकूर) आणि शेवटी दोन गोष्टी द्यायच्या. एक, प्रत्येक सेवेचा गोषवारा: किती नोंदी आल्या आणि शेवटची गंभीर चूक काय होती. दोन, सगळ्या गंभीर नोंदींची वेळेनुसार लावलेली यादी. फाइल बाहेरून येते, तिच्यात काय असेल याचा भरवसा नसतो. असं बेभरवशाचं इनपुट वाचणारा कोड मेमरीच्या चुकांसाठी सगळ्यात धोक्याचा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी सीव्हीई क्रमांक (सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) मिळणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी-सुरक्षिततेच्या असतात. रस्टचा कंपायलर (कोड तपासून प्रोग्रॅम तयार करणारं साधन) अशा बहुतेक चुका आधीच अडवतो. तेव्हा भाषा बदलण्यामागचं कारण पक्कं होतं.

लेखात कोड देवनागरीत दिला आहे. व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं देवनागरीत लिहिणं रस्टला २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून खरोखरच चालतं. भाषेचे राखीव शब्द तेवढे इथे वाचण्याच्या सोयीसाठी बदलले आहेत.

पहिल्या तीन ओळी

मुख्य लूपमध्ये तिने लिहिलं होतं ते असं:

लेट नोंद = ओळ_फोड(ओळ);
दाखव(नोंद);
सगळ्या.पुश(नोंद);

कंपायलर तिसऱ्या ओळीवर थांबला. ई०३८२, 'यूज ऑफ मूव्ह्ड व्हॅल्यू'. रस्टमध्ये प्रत्येक व्हॅल्यूचा एका वेळी एकच मालक असतो, हीच ओनरशिप; मालकी दुसऱ्याकडे गेली की व्हॅल्यू मूव्ह झाली म्हणतात. रस्टची ही एरर नीट वाचण्यासारखी असते, कारण ती तीन जागांवर बोट ठेवते. पहिल्या ओळीवर: ही व्हॅल्यू अशा प्रकारची आहे की जी कॉपी होत नाही, म्हणून ती मूव्ह होते. दुसऱ्या ओळीवर: मूव्ह इथे झाली. तिसऱ्या ओळीवर: आणि मूव्ह झाल्यानंतर तुम्ही ती इथे वापरताय. खाली दोन सूचना होत्या. 'दाखव' या फंक्शनला मालकी लागत नसेल तर त्याचं पॅरामीटर उसनं घेणारं (मालकी न घेता वापरणारं) करा. किंवा खर्च परवडत असेल तर इथेच क्लोन (पूर्ण नक्कल) करा.

तिने दुसरी सूचना उचलली. जवळजवळ सगळेच तसं करतात, कारण क्लोन जागच्या जागी लावता येतो आणि पहिल्या सूचनेसाठी दुसरं फंक्शन उघडावं लागतं. एरर गेली, प्रोग्रॅम चालला. पण ती समाधानी नव्हती. "सी++ मध्ये हेच्या हेच चालतं," ती म्हणाली. "इथे एवढ्याशा गोष्टीवर अडवणूक का?"

चालतं हे खरं. प्रश्न हा की सी++ मध्ये त्या दुसऱ्या ओळीवर होतं काय. व्हॅल्यूने घेणारं फंक्शन असेल तर तिथे कॉपी कन्स्ट्रक्टर चालतो: नोंदीतल्या दोन्ही स्ट्रिंगा (मजकूर ठेवणाऱ्या वस्तू) पुन्हा तयार होतात, मजकूर लांब असेल तर हीपवर, 'दाखव' त्या नकलेकडे बघतं, आणि फंक्शन संपताच नक्कल फेकली जाते. कोडमध्ये याची खूण कुठेच नसते. रस्टमध्ये हाच खर्च करायचा तर 'क्लोन' असं ढळढळीत लिहावं लागतं. म्हणजे रस्ट तिला काही नवीन करायला लावत नव्हती. आधीपासून जे चाललं होतं ते तिने फक्त पहिल्यांदा पाहिलं.

मग मूव्हमध्ये नेमकं काय हलतं? इथे आम्ही बराच वेळ थांबलो. ६४-बिट यंत्रावर रस्टची स्ट्रिंग स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) २४ बाइटांची असते: हीपवरच्या मजकुराकडे बोट दाखवणारा पॉइंटर, लांबी आणि क्षमता, प्रत्येकी ८ बाइट. मजकूर दहा अक्षरांचा असो की दहा मेगाबाइटचा, मूव्ह होताना हेच २४ बाइट नव्या जागी उतरतात. आमची नोंद होती ६४ बाइटांची: वेळेचे ८, दोन स्ट्रिंगांचे ४८, पातळीचा १, आणि बाकी ८ च्या पटीत बसवण्यासाठीची भर. तेवढे बाइट हलतात आणि हीपला हातही लागत नाही. जुन्या जागेतले बाइट पुसले जात नाहीत, ते तसेच पडून असतात. मात्र त्या क्षणापासून कंपायलरच्या लेखी त्या नावामागे काही नाही. ते नाव वाचता येत नाही आणि स्कोप (नावाची हद्द) संपताना त्याच्यासाठी ड्रॉपही (रस्टमधला डिस्ट्रक्टर) चालत नाही.

सी++ मधून आलेल्या माणसाला इथेच ठेच लागते. २०११ च्या मानकाने सी++ मध्ये मूव्ह आणलं, पण ते वेगळ्या घडणीचं आहे. 'एसटीडी::मूव्ह' स्वतः काहीच हलवत नाही. तो फक्त प्रकार बदलून सांगतो की इथून उचललं तरी चालेल. प्रत्यक्ष हलवण्याचं काम मूव्ह कन्स्ट्रक्टर करतो, आणि तो खराखुरा चालणारा कोड असतो. का लागतो? जीएनयूच्या सी++ लायब्ररीतली स्ट्रिंग छोटा मजकूर स्वतःच्याच पोटात ठेवते आणि तिचा पॉइंटर त्या पोटाकडेच रोखलेला असतो. अशी वस्तू बाइट उचलून दुसरीकडे ठेवली तर पॉइंटर जुन्या घराकडेच बघत राहील. म्हणून तिथे कोड चालवून पॉइंटर दुरुस्त करावा लागतो, आणि जुनी वस्तू नंतरही जिवंत राहते. मानक लायब्ररीच्या वस्तूंबाबत मानकाचा शब्द असा की ती 'वैध पण अनिर्दिष्ट अवस्थेत' असते. तिचा डिस्ट्रक्टर पुढे चालायचाच असतो. कॉन्स्ट (न बदलणाऱ्या) वस्तूवर 'एसटीडी::मूव्ह' लावलं तर मुकाट्याने कॉपी होते, हे तिला माहीत होतं. तरीही तिच्या जुन्या कोडमध्ये तशी एक ओळ निघाली.

रस्टने उलटी वाट धरली. मूव्ह म्हणजे फक्त बाइट उचलणं, कुठलाही कोड चालत नाही. त्यासाठी अट मान्य केली की साध्या स्ट्रक्टने स्वतःच्याच पोटाकडे पॉइंटर ठेवायचा नाही. आणि जुनं नाव वापरू न देण्याची जबाबदारी कंपायलरने घेतली. एका 'इफ'च्या एकाच फांदीत व्हॅल्यू मूव्ह होत असेल तर? मग कंपायलर गरजेपुरता एक ड्रॉप-फ्लॅग ठेवतो आणि शेवटी तो पाहून ठरवतो की ड्रॉप करायचा की नाही. तिला हा बारकावा फार आवडला, कारण डिस्ट्रक्टर दोनदा चालल्याचे परिणाम तिने निस्तरले होते.

इतिहासातलं एक उदाहरण इथे चपखल बसतं. सी++ मध्ये पूर्वी 'ऑटो_पीटीआर' हा मालकी सांभाळणारा पॉइंटर होता. साध्या असाइनमेंटने तो मालकी हलवायचा, आणि जुन्या नावाकडे शून्य पॉइंटर उरायचा. दिसायला कॉपी, प्रत्यक्षात मूव्ह. लोक फसत राहिले, २०११ मध्ये तो वापरू नये असं ठरलं आणि २०१७ च्या मानकातून तो काढूनच टाकला. रस्टमधलं असाइनमेंट अगदी तसंच वागतं. तरीही ते टिकलं, कारण जुन्या नावाला हात लावला तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. माझ्या मते ओनरशिपचा अर्धा जीव या एका फरकात आहे.

इतकं बोलून झाल्यावर आम्ही तिचा कोड पुन्हा उघडला. दोन दिवसांत तिने एरर येईल तिथे क्लोन लावले होते. मोजले. ओळ फोडताना दोन स्ट्रिंगा, 'दाखव'साठी पूर्ण नोंदीचा क्लोन म्हणजे आणखी दोन, सेवेच्या नावाचा एक. एका ओळीमागे हीपवर पाच वाटप. दहा लाख ओळींच्या फाइलला पन्नास लाख.

मी तिला क्लोन काढायला सांगितलं नाही. प्रत्येक फंक्शनपुढे एकच शब्द लिही म्हटलं: याला ही वस्तू बघायची आहे, बदलायची आहे, की ठेवायची आहे? 'दाखव'ला बघायची आहे. गोषवारा करणाऱ्या फंक्शनला नोंद बघायची आहे, गोषवारा बदलायचा आहे. 'सगळ्या'ला नोंद ठेवायची आहे. बघायचं असेल तर साधी उसनवारी, बदलायचं असेल तर बदलती उसनवारी, ठेवायचं असेल तर मालकी. 'दाखव'च्या पॅरामीटरपुढे एक '&' (उसनवारीची खूण) आला आणि पहिला क्लोन गेला. मग तीच म्हणाली, "पण 'सगळ्या'ला सगळ्या नोंदी ठेवायच्या कशाला आहेत? यादी तर फक्त गंभीर नोंदींची हवी." हा प्रश्न कंपायलरने विचारलेला नव्हता. 'ठेवायची आहे' हे शब्द लिहावे लागले म्हणून तो सुचला.

सेवेचं नाव

दुसरी अडचण गोषवाऱ्यात आली. हॅशमॅपची (नावावरून माहिती शोधण्याच्या रचनेची) एन्ट्री पद्धत 'की', म्हणजे शोधायचं नाव, स्वतःच्या मालकीची मागते. तिने 'नोंद.सेवा' देऊन टाकली आणि पुढे पूर्ण नोंद यादीत ढकलायला गेली. पुन्हा ई०३८२, यावेळी 'पार्शली मूव्ह्ड' या शब्दांसह. नोंदीतलं एक फील्ड गेलं, बाकीची फील्डं सुटीसुटी वापरता येतात, पण अख्खी नोंद आता अख्खी राहिलेली नाही. हिशोब चोख आहे.

तिने 'की'चा क्लोन केला. पण एन्ट्रीला 'की' प्रत्येक ओळीला द्यावी लागते, ती मॅपमध्ये आधीपासून असली तरी. म्हणून क्लोनही प्रत्येक ओळीला. तिने एक छोटं फंक्शन लिहिलं: आधी नुसत्या उसन्या नावाने शोध; सापडलं तर त्या गोषवाऱ्याची बदलती उसनवारी परत दे; नाही सापडलं तर नावाचा क्लोन करून भर, मग परत दे. तर्कात खोट नाही. तरी कंपायलर म्हणाला ई०४९९, एकाच वेळी दोन बदलत्या उसनवाऱ्या.

इथे कंपायलर चुकीचा होता, आणि शिकणाऱ्याला हे स्पष्ट सांगायला हवं असं मला वाटतं. 'सापडलं' या फांदीतून उसनवारी फंक्शनबाहेर जाते. तेव्हा आमच्या आवृत्तीतला बॉरो चेकर (कंपायलरचा उसनवाऱ्या तपासणारा भाग) ती उसनवारी 'नाही सापडलं' या फांदीतही चालू आहे असं धरतो. रस्टच्या लोकांना ही मर्यादा चांगली ठाऊक आहे. हे न सांगता "तुझंच काहीतरी चुकत असेल" म्हणून सोडून दिलं असतं तर तिचा पुढच्या खऱ्या एररवरचाही विश्वास उडाला असता.

वाट काढताना मूळ प्रश्नाकडे परतलो. सेवेचं नाव कोणाचं? शंभर नोंदींत तेच नाव असेल तर शंभर मालक कशाला? तिने नावांचा एक तक्ता केला. नाव पहिल्यांदा दिसलं की तक्ता ते ठेवून घेतो आणि एक क्रमांक देतो. नोंदीत फक्त तो ३२-बिट क्रमांक राहतो. पूर्णांक कॉपी प्रकारात मोडतो, तो कितीही जणांना दिला तरी मूळ शाबूत राहतो. गोषवारे क्रमांकानुसार एका व्हेक्टरमध्ये (वाढत्या यादीत) बसले, ई०४९९ चं कारणच उरलं नाही, आणि नोंद ६४ वरून ४० बाइटांवर आली.

बफर

आता उरला मजकूर. जुन्या सी++ प्रोग्रॅममध्ये फाइल ओळीओळीने वाचली जात नव्हती. ६४ किलोबाइटचा एक बफर (तात्पुरती साठवण) होता; त्यात तुकडा वाचायचा, त्यातल्या ओळींकडे 'स्ट्रिंग_व्ह्यू'ने बघायचं, आणि पुढचा तुकडा त्याच बफरवर वाचायचा. २०१७ च्या मानकात आलेला 'स्ट्रिंग_व्ह्यू' म्हणजे पॉइंटर आणि लांबी, मालकी अजिबात नाही. रस्टमध्ये त्याच्या जागी उसना स्लाइस येतो. तिने रचना जशीच्या तशी उतरवली आणि गोषवाऱ्यात 'शेवटची_चूक' हे फील्ड उसना स्लाइस म्हणून ठेवलं.

ई०५०२. बफर बदलता उसना घेता येत नाही, कारण तो आधीच न बदलता उसना दिलेला आहे. बोट होतं लूपमधल्या 'पुढचा तुकडा वाच' या ओळीवर.

पुढचा दीड दिवस तिने या ओळीशी झुंजण्यात घालवला. कुठल्याशा जुन्या लेखात वाचून तिने महिरपी कंस घालून आतला ब्लॉक लवकर संपवला. २०१५ च्या १.० आवृत्तीत नाव दिलेली उसनवारी ब्लॉक संपेपर्यंत टिकायची, तेव्हा हा उपाय कामाचा होता. २०१८ पासून उसनवारी शेवटच्या वापरापर्यंतच धरली जाते, त्यामुळे असे कंस आता क्वचितच लागतात. इथे तर शेवटचा वापर लूप संपल्यावर, अहवाल छापताना होता. मग तिने लाइफटाइमच्या खुणा जिथे तिथे लावल्या. लाइफटाइम आयुष्य वाढवत नाही. कोण कोणापेक्षा जास्त टिकतं याचं ते फक्त वर्णन असतं, आणि वर्णन बदलून वस्तुस्थिती बदलत नाही.

शेवटी कागद घेतला. एक लांब आडवी पट्टी काढली: हा बफर. पहिला तुकडा वाचला; ४१,००० व्या बाइटपासून एका सेवेची गंभीर चूक सुरू होते; गोषवाऱ्यात तिचा पॉइंटर आणि लांबी ठेवली. दुसरा तुकडा त्याच पट्टीवर वाचला. "आता ४१,००० व्या बाइटला काय आहे?" मी विचारलं.

ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अरे, मग सी++ मध्येही असंच असणार."

त्या दिवशी आम्ही तिकडे वळलो नाही. रस्टमध्ये उत्तर आता सरळ होतं, कारण तिचे तीन शब्द तयार होते. तुकड्यातली ओळ फक्त बघायची आहे, म्हणून ओळ फोडणारं फंक्शन उसन्या स्लाइसांची हलकी नोंद देतं, हीपला न शिवता. शेवटची चूक ठेवायची आहे, म्हणून तिथे मालकीची स्ट्रिंग. नवी चूक आली की ती स्ट्रिंग 'क्लिअर' करायची आणि मजकूर तिच्यातच भरायचा. 'क्लिअर'ने क्षमता जात नाही, त्यामुळे नवा मजकूर मावत असेल तर हीपवर नवी जागाही लागत नाही. यादीत जाणाऱ्या गंभीर नोंदींचा मजकूर तेवढा नव्याने ठेवला जातो. साध्या ओळीमागची वाटपं पाचवरून शून्यावर आली.

मजकूर मराठीत असला तरी तुकडे पाडताना भीती नाही, हेही तिथेच तपासून घेतलं. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. 'नोंद' या शब्दाची लांबी रस्ट १२ सांगते. पण नव्या ओळीचा बाइट त्या तिनांच्या मध्ये कधीच येत नाही, म्हणून ओळीच्या सीमेवर कापलं तर अक्षर तुटत नाही.

थ्रेड

काम अनेक थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांत) वाटायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं की आता आठवडा जाईल. दोन दिवस लागले.

वाचणारा थ्रेड एक. तो ६४ किलोबाइटचा तुकडा एका व्हेक्टरमध्ये वाचतो आणि चॅनलवरून कामगार थ्रेडला पाठवतो. प्रत्येक कामगाराला स्वतःचं चॅनल. 'सेंड' व्हॅल्यू मालकीने घेतं, म्हणजे ६४ किलोबाइट पाठवताना प्रत्यक्षात व्हेक्टरचे २४ बाइट हलतात. तुकड्यावर कुलूप नाही, कारण त्याच्याकडे दोन थ्रेड एकाच वेळी बघूच शकत नाहीत. नावांचा तक्ता तिने आधी आरसी या मालकांची संख्या मोजणाऱ्या पॉइंटरमागे ठेवला होता. कंपायलरने तो थ्रेडपलीकडे जाऊ दिला नाही, कारण आरसीची मोजणी अॅटॉमिक नसते, म्हणजे दोन थ्रेडनी एकाच वेळी केली तर चुकू शकते. त्याऐवजी एआरसी (आरसीचंच अॅटॉमिक रूप) आणि म्युटेक्स (कुलूप) घालता आलं असतं. तिने विचार करून प्रत्येक कामगाराला स्वतःचा तक्ता दिला. काम संपलं की 'जॉइन'मधून तक्ता आणि गोषवारे मालकीसकट परत येतात आणि मुख्य थ्रेड ते नावांवरून जुळवतो. तुकडे वेगवेगळ्या हातांनी गेल्यामुळे 'शेवटची' चूक कोणती हे वेळ पाहून ठरवावं लागलं, तेवढी भर पडली.

याच टप्प्यावर तिला पुन्हा ई०३८२ आली. तुकड्याच्या शेवटी बहुतेक वेळा अर्धी ओळ उरते. ते शेपूट पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला जोडावं लागतं. तिने आधी तुकडा पाठवला आणि मग त्याचं शेपूट वाचायला गेली. या खेपेला तिने मला बोलावलं नाही. शेपूट काढून घेण्याच्या दोन ओळी 'सेंड'च्या वर नेल्या आणि पुढे गेली. नंतर तिनेच सांगितलं की सी++ मध्ये 'एसटीडी::मूव्ह' करून रांगेत टाकलेला व्हेक्टर तिथे रिकामा मिळाला असता, शेपटाची लांबी शून्य आली असती, आणि प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावरची ओळ आवाज न करता तुटली असती.

क्लोन अजूनही आहेत. प्रोग्रॅम सुरू होताना सेटिंग्ज एकदा वाचल्या जातात आणि प्रत्येक कामगाराला त्यांची प्रत मिळते. ती प्रत प्रत्येकाला ठेवायचीच आहे. मी ते क्लोन काढा म्हणणार नाही, आणि कोणी काढायला लागलं तर अडवेन.

जुना प्रोग्रॅम

रस्टचा प्रोग्रॅम उभा राहिल्यावर ती सी++ कडे परतली. 'शेवटची_चूक' तिथे खरंच 'स्ट्रिंग_व्ह्यू' होतं; वर्षभरापूर्वी वेग वाढवताना तिनेच स्ट्रिंगच्या जागी ते घातलं होतं. चाचण्यांसाठीच्या सगळ्या फाइली ६४ किलोबाइटपेक्षा लहान होत्या. बफर दुसऱ्यांदा कधी भरलाच गेला नव्हता, म्हणून प्रत्येक चाचणी उत्तीर्ण.

खऱ्या अहवालांत मात्र अधूनमधून एखाद्या सेवेची शेवटची चूक शब्दाच्या मधूनच सुरू झालेली दिसायची. दोन प्रक्रिया एकाच लॉगमध्ये लिहीत असतील, ओळी एकमेकींत मिसळत असतील, असा समज होता. त्यावर एक टिपणसुद्धा लिहून ठेवलेलं होतं.

तिने २०० किलोबाइटची फाइल बनवली. एका सेवेची एकच गंभीर चूक, सुरुवातीलाच. पुढे सगळ्या ओळी दुसऱ्या सेवांच्या. जुना प्रोग्रॅम चालवला. त्या सेवेपुढे भलत्याच सेवेच्या ओळीचा मधला तुकडा आला. रस्टच्या प्रोग्रॅमने बरोबर मजकूर दिला. दुरुस्ती एका शब्दाची होती: व्ह्यूच्या जागी पुन्हा स्ट्रिंग. ती २०० किलोबाइटची फाइल चाचण्यांत कायमची गेली आणि मिसळलेल्या ओळींचं टिपण काढून टाकलं.

मग तिने त्या सी++ फाइलमध्ये 'स्ट्रिंग_व्ह्यू' शोधायला सुरुवात केली. आणखी तीन सापडले. दोन एकेका फंक्शनच्या आत जन्मून तिथेच संपत होते. तिसरा एका क्लासचा सदस्य होता, आणि तो ज्या मजकुराकडे बघतो त्याचा मालक कोण, हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.